उपाय लागू पडला, हे ओळखावे कसे?

(रानडुकरांच्या उपद्रवाविषयी शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रानडुकरांच्या बंदोबस्तावर बोलायला उभे राहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, कोणता उपाय लागू पडतो तेवढे सांगा." आज मी त्याच्या आधीचा प्रश्न घेणार आहे. एखादा उपाय लागू पडला, असे आपण म्हणतो ते कशावरून?

हा प्रश्न मला एका चुकीने शिकवला. काही वर्षांपूर्वी एका गावात मक्याच्या वावराभोवती उग्र वासाच्या द्रावणात भिजवलेली दोरी बांधलेली मी पाहिली. दोरी बांधण्याच्या आदल्या रात्री डुकरांनी मोठा तुकडा आडवा केला होता. दोरी बांधल्यानंतर आठ दिवस एकही ताट पडले नाही. मी स्वतः दोनदा जाऊन पाहिले, खात्री झाली आणि पुढच्या गावच्या बैठकीत तो उपाय मी सांगून टाकला.

तिथल्या एका शेतकऱ्याने ऐकले. दोन एकर मका, कणसात चीक भरलेला. त्याने दोरी बांधली आणि माझ्या शब्दावर विसंबून रात्रीची जागल सोडली. चौथ्या रात्री कळप आला. सकाळी मी गेलो तेव्हा तो धुऱ्यावर बसला होता. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं म्हणाले होते ना?"

मी पाहिले होते, हे खरे. पण तुलना केली नव्हती. पाहणे आणि तुलना करणे यांत जे अंतर आहे, त्याची किंमत त्या माणसाने भरली. माझी फसगत तीन ठिकाणी झाली होती. आपली होऊ नये म्हणून ती तिन्ही ठिकाणे सांगतो.

पहिली फसगत : वाईट रात्रीनंतरचा उपाय

आपण उपाय केव्हा करतो? सर्वांत जास्त नुकसान झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. साधी रात्र गेली तर कोणी दोरी विकत आणत नाही. आता विचार करा. डुकरांचे येणे रोज सारखे नसते. एका रात्री कळप येतो, पुढच्या चार रात्री दुसरीकडे फिरतो. म्हणजे अतिशय वाईट रात्रीनंतरच्या रात्री, काहीही केले नाही तरी, बहुधा तिच्यापेक्षा बऱ्याच असतात. त्या सुधारणेचे श्रेय आपण हातात जो उपाय असेल त्याला देऊन टाकतो. ताप उतरणीला लागल्यावर बांधलेल्या गंड्याला गुण येतो, तसाच हा प्रकार आहे.

यात पिकाची अवस्थाही भर घालते. चिकाच्या अवस्थेतील कणसाची ओढ डुकराला फार असते. दाणा टणक होऊ लागला की ती कमी होते. त्या सुमारास केलेला कोणताही उपाय यशस्वी दिसतो. म्हणून "आधी किती आणि नंतर किती" एवढ्यावर निकाल देऊ नये. त्याच दिवसांत, त्याच अवस्थेतील, उपाय न केलेल्या वावरात काय झाले हे शेजारी मांडावे लागते. संशोधन केंद्रावर प्रत्येक प्रयोगात आम्ही काही वाफे खत किंवा औषध न देता मोकळे ठेवतो ते याचसाठी. त्या वाफ्यांवाचून बाकीच्या वाफ्यांचा आकडा मुका असतो.

दुसरी फसगत : एका वावराचा पुरावा

समजा, दोन वावरे घेतली. एकात दोरी बांधली, एकात नाही. दोरीच्या वावरात नुकसान कमी झाले. आता उपाय सिद्ध झाला का? नाही. दोन वावरांत नुकसान अगदी सारखे कधीच होत नाही, कुठेतरी ते कमी होणारच. दोरी पूर्ण निरुपयोगी असली तरी कमी नुकसानीचे वावर आपले निघण्याची शक्यता दोनात एक आहे. म्हणजे हा प्रयोग नाणेफेकीच्या तोडीचा झाला.

मग किती वावरे घ्यावीत? याचे उत्तर एका चहाच्या गोष्टीत आहे. इंग्लंडमध्ये रोथामस्टेड येथे जुने कृषी संशोधन केंद्र आहे. रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ पासून तिथे काम करीत. तिथल्या एक संशोधक बाई म्हणत, कपात दूध आधी ओतले की चहा आधी ओतला, हे मी चवीवरून सांगते. फिशर यांनी हसून सोडून दिले नाही. आठ कप करायचे, चार एका रीतीने आणि चार दुसऱ्या रीतीने, ते उलटसुलट क्रमाने द्यायचे आणि बाईंनी एका रीतीचे चार ओळखायचे, असा प्रयोग त्यांनी मांडला. १९३५ साली निघालेल्या त्यांच्या प्रयोग-आखणीवरील पुस्तकात हे उदाहरण आहे.

यातला हिशेब आपल्या कामाचा आहे. आठांतून चार निवडण्याच्या एकूण ७० रीती आहेत. चवीचे काहीही कळत नसताना केवळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० त १. कपांच्या जागी वावरे ठेवा. आठ वावरे घ्या, चिठ्ठ्या टाकून चारांत उपाय करा. उपाय निरुपयोगी असेल तर सर्वांत कमी नुकसानीची चार वावरे नेमकी आपली चार निघणे ही ७० त १ वेळा घडणारी गोष्ट आहे. तसे घडले, तर उपायात काही तथ्य आहे असे मानायला जागा आहे.

दोन वावरांत ही शक्यता २ त १, चार वावरांत ६ त १, सहा वावरांत २० त १ आणि आठांत ७० त १. वावरे वाढली की नशिबाचा हात आखडत जातो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. सर्वांत कमी नुकसानीच्या चार वावरांत आपली तीन आली, तर आपण आनंदाने म्हणतो, "चारपैकी तीन ठिकाणी गुण आला." पण निव्वळ नशिबानेही चारपैकी निदान तीन येण्याची शक्यता ७० त १७ आहे. म्हणजे जवळजवळ चारात एक! जाहिरातीत "बहुतेक शेतकऱ्यांना फायदा" असे वाचाल तेव्हा हा आकडा आठवावा.

चिठ्ठ्या का टाकायच्या, असे कोणी विचारील. आपण मनाने निवड केली तर उपाय कुठे करतो? ज्याची हौस मोठी त्याच्या वावरात. हौशी माणसाची राखणही चांगली असते, कुत्रा असतो, दिवा असतो. मग गुण दोरीचा की राखणीचा, हे कळत नाही. चिठ्ठीला हौस नसते, नाते नसते.

तिसरी फसगत : शेजाऱ्याचे वावर

माझी सर्वांत मोठी चूक ही. पहिल्या गावात दोरीच्या वावरात डुकरे आली नाहीत, हे मी पाहिले. नाल्यापलीकडच्या वावरात काय झाले, हे पाहायला गेलो नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की त्याच आठवड्यात पलीकडच्या माणसाचा मका बसला होता. कळप गेला नव्हता, त्याने वाट बदलली होती. दुसऱ्या गावात डुकरांना जवळपास दुसरा मकाच नव्हता. तिथे वास सोसून ती आत शिरली.

खताच्या प्रयोगात एका वाफ्याचा युरिया उठून दुसऱ्या वाफ्यात जात नाही. रानातला प्राणी मात्र चालतो. तो एका रात्रीत काही किलोमीटर फिरू शकतो आणि जिथे अडवले तिथून शेजारी वळतो. त्यामुळे लागून असलेली दोन वावरे तुलनेला घेतली तर फसवणूक दुहेरी होते. उपायाच्या वावरात नुकसान घटते आणि तुलनेच्या वावरात वाढते. फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा दिसतो, पण गावाचे एकूण नुकसान जिथल्या तिथे राहते.

दुसरी गोष्ट अशी की एकाच नाल्याकाठची चार वावरे म्हणजे चार पुरावे नव्हेत. तिथे येणारा कळप एकच असतो. त्याने एका रात्री दिशा बदलली की चारही वावरे एकदम वाचतात. अमेरिकेतील पर्यावरणशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीवर बोट ठेवले. एकाच ठिकाणची अनेक मोजमापे स्वतंत्र पुरावे म्हणून मोजण्याची खोड संशोधकांनाही किती आहे, हे त्यांनी छापील प्रयोग तपासून दाखवले. तेव्हा आठ वावरे एका गावात मिळत नसतील तर तीन-चार गावांनी मिळून घ्यावीत, आणि ती एकमेकांपासून जितकी दूर मिळतील तितकी बरी.

मोजणी चुकली तर काय होते

तुम्ही म्हणाल, एवढा हिशेब कशाला? डुकरे वाढली आहेत हे उघड आहे, ती मोजा आणि कमी करा. मोजणे वाटते तितके सोपे नाही. यासाठी वाघाचे उदाहरण घेऊ.

आपल्या देशात अनेक वर्षे वाघ पंज्यांच्या ठशांवरून मोजले जात. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखू येतो आणि रानातले सर्व ठसे सापडतात, अशा दोन गृहीतांवर ती रीत उभी होती. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा आणि कोरड्या धुळीत वेगळा उमटतो. आणि किती वाघांचे ठसे सापडलेच नाहीत, हे सांगण्याची सोय त्या रीतीत नव्हती. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात कागदावर डझनाहून अधिक वाघ होते. २००५ साली कसून शोध घेतला तेव्हा तिथे एकही वाघ उरला नव्हता. चोरटी शिकार होत होती आणि कागदावरचा आकडा सर्वांना निर्धास्त ठेवीत होता. पुढे २००८ साली रणथंबोरहून वाघ आणून तिथे सोडावे लागले.

नवी रीत कशी आहे, ते या मडक्यातून दाखवतो. यात वालाचे दाणे आहेत, किती ते तुम्हाला माहीत नाही. त्यांतून ५० काढले, शाईचा ठिपका दिला, परत टाकले आणि मडके चांगले हलवले. आता मूठभर काढू. ६० निघाले, त्यांत ठिपक्याचे १२. म्हणजे दर पाच दाण्यांत एक ठिपक्याचा. ठिपके एकूण ५०, तर दाणे सुमारे २५०. मडके न ओतता अंदाज मिळाला. माशांवर आणि बदकांवर खुणा करून हीच रीत जगात शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. वाघाला ठिपका द्यावा लागत नाही, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. वाटेवर आपोआप चालणारे कॅमेरे लावायचे, पहिल्या फेरीतले वाघ दुसऱ्या फेरीत किती पुन्हा दिसले ते पाहायचे. डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे १९९० नंतरच्या दशकात या पद्धतीचे काम केले. २००६ पासून देशाच्या व्याघ्रगणनेत ती वापरली जाते.

तिच्यातला मोठा गुण असा की न दिसलेल्या वाघांचाही अंदाज येतो आणि त्या अंदाजाला मर्यादा देता येते. २००६ च्या गणनेचा अंदाज १,४११ होता, पण त्यासोबत "१,१६५ ते १,६५७ च्या दरम्यान" असेही छापले होते. त्यापूर्वी ठशांवरून काढलेला २००२ सालचा आकडा ३,६४२ होता. मग चार वर्षांत दोन हजारांवर वाघ मेले का? तसे म्हणता येत नाही. दोन्ही वेळची मापे वेगळी होती. एकदा पायलीने आणि एकदा काट्यावर मोजलेले धान्य वजा करता येत नाही.

आता डुकरांकडे या. डुकराच्या अंगावर पट्टे नाहीत, एक डुक्कर दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजतात, ते त्या रात्री त्या पाण्यावर आलेले प्राणी असतात. आदल्या दिवशी वळीव पडला आणि रानात जागोजागी पाणी साचले, तर आकडा खाली येईल, प्राणी मात्र तितकेच राहतील. तसेच, पूर्वी दोघे जागलीला जात, आता दहा जण जातात आणि प्रत्येकाच्या हातात मोठा टॉर्च असतो. डुकरे जास्त दिसणारच. ती वाढली नाहीत असे माझे म्हणणे नाही. पण "जास्त दिसली" यावरून "किती वाढली" हे काढता येत नाही, एवढे ध्यानात घ्यावे. आपल्याला जे नेमके मोजता येते ते पिकाचे नुकसान. आणि आपल्याला वाचवायचे आहे तेही पीकच.

नुकसान मोजावे कसे

धुऱ्यावर उभे राहून नुकसानीचा अंदाज करू नये. डुकरे बहुधा नाल्याकडून शिरतात, तिकडची कड उद्ध्वस्त आणि मधले पीक शाबूत असे चित्र असते. कडेवरून पाहणारा नुकसान जास्त धरतो आणि लांबच्या रस्त्यावरून पाहणारा कमी धरतो.

यासाठी आपल्याला माहीत असलेली पीक कापणी प्रयोगाची रीत उपयोगी पडते. कुठला तुकडा कापायचा, हे तिथे नजरेने न ठरवता आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवतात. त्या कामाला शास्त्रीय पाया देणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे ही मराठी नावे अग्रभागी आहेत. फार लहान तुकडा घेतला तर कडेवरची झाडे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी दाखवून दिले होते.

मक्यासाठी पुढीलप्रमाणे करावे :

१. वावरातील ओळी मोजाव्यात. ओळींच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या करून दहा काढाव्यात.

२. प्रत्येक निघालेल्या ओळीत कितव्या पावलावर थांबायचे, तेही चिठ्ठीने ठरवावे.

३. तिथून सलग २० ताटे मोजावीत आणि त्यांतील मोडलेली किंवा खाल्लेली किती ते लिहावे. दहा ठिकाणची २०० ताटे होतात. त्यांत ३० गेली असतील तर नुकसान शेकडा १५.

४. जागेवर खुंटी ठोकून ठेवावी. दर आठवड्याला त्याच जागी मोजावे. काहीच गेले नसेल तर शून्य लिहावे, रकाना कोरा सोडू नये.

या वर्षी आठ जणांनी करावयाचा प्रयोग

तीन-चार गावांतील शेतकरी मंडळांनी एकत्र येऊन, एकाच सुमारास पेरलेली आठ वावरे निवडावीत. उपाय कोणताही असो, दोरी, फवारा किंवा आवाजाचे यंत्र, एका वेळी एकच घ्यावा. वावरे ठरल्यानंतर सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात, आधी नको. चारांत उपाय करावा, चारांत करू नये.

जागल मात्र आठही ठिकाणी पूर्वीसारखीच ठेवावी. यामुळे चिठ्ठी न निघालेल्याचे काही जात नाही आणि चिठ्ठी निघालेला गाफील राहत नाही. माझ्या शेतकऱ्याची जागल प्रयोगापायी सुटली, तशी कोणाचीही सुटू नये.

नुकसान मोजायला त्या वावराचा मालक नसावा, दुसऱ्या गावचा माणूस असावा. ज्याने खर्च केला त्याच्या डोळ्याला गुण दिसतोच. प्रत्येक मोजणीच्या वेळी लगतच्या दोन वावरांत शिरून पाहावे, कळप तिकडे वळला का ते लिहावे. पहिल्या आठवड्यात थांबू नये. नव्या वासाला आणि आवाजाला डुक्कर सुरुवातीला बिचकते, काही दिवसांत सरावते. म्हणून चीक भरण्यापासून दाणा टणक होईपर्यंत मोजणी चालू ठेवावी.

शेवटी आठही वावरे नुकसानीच्या क्रमाने लावावीत. उपायाची चारही वावरे कमी नुकसानीच्या बाजूला आली आणि शेजारची वावरेही शाबूत राहिली, तर पुढच्या हंगामात तो उपाय दुसऱ्या आठ ठिकाणी पुन्हा तपासावा. मगच गावाला सांगावा. उपाय फसला तर तेही तितक्याच मोठ्याने सांगावे. गुण आलेला माणूस चावडीवर बोलतो, गुण न आलेला गप्प बसतो आणि त्यामुळे निरुपयोगी उपायही वर्षानुवर्षे विकले जातात.

दोन सूचना. तारेत थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रयोग कोणीही, कधीही करू नये. त्यात माणसे आणि जनावरे मरतात आणि तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असून, परवानगीवाचून शिकार करणे हाही गुन्हाच आहे. नुकसान झाल्यास वन विभागाकडे मुदतीत अर्ज करावा. पंचनाम्याच्या वेळी वर सांगितलेली मोजणीची वही दाखवावी. "फार गेले" म्हणण्यापेक्षा "२०० पैकी ३०" म्हणणाऱ्याचे म्हणणे पंचांना सहज तपासता येते.

ज्या शेतकऱ्याचा मका गेला, त्याच्या धुऱ्यावर मी अजून जातो. गेल्या भेटीत नवा फवारा आल्याचे मी सांगितले. त्याने विचारले, "किती वावरांत पाहिला? आणि बाजूच्या वावरात काय झालं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी फवाऱ्याची शिफारस केली नाही.

यापुढे मी किंवा माझ्यासारखा कोणी आपल्या गावात येऊन उपाय सांगू लागला, तर हे दोन प्रश्न आपण आधी विचारावेत. आठ वावरांचा प्रयोग करणाऱ्यांनी आपल्या वह्या, निकाल कोणताही असो, जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या विस्तार विभागाकडे द्याव्यात, ही विनंती.